भाताला 3 मीटर, बाजरीला 200

प्रमाणित बियाण्याच्या सरकारी मानकांत भाताचं विलगीकरण अंतर, म्हणजे त्याच पिकाच्या दुसऱ्या वाणापासून राखायचं अंतर, 3 मीटर आहे. बाजरी आणि मक्याच्या सरळ वाणांसाठी तेच 200 मीटर. ‘शेतकऱ्याने जुना वाण जपावा’ असं सरसकट सांगणाऱ्यांनी हे दोन आकडे आधी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

2015-16च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी वहिती क्षेत्र 1.34 हेक्टर भरलं. हे शेत चौरस धरलं तर एक बाजू सुमारे 116 मीटर. म्हणजे अगदी मधोमध पेरलं तरी बांध 58 मीटरवर.

भाताला एवढी जागा भरपूर झाली. फूल उमलता उमलताच त्याचं परागण उरकतं आणि परपरागण साधारणपणे 1 टक्क्याच्याही आत राहतं. दहा गुंठ्यांत गुंठ्या-गुंठ्याचे चार वाण मध्ये पट्टे सोडून सहज राखता येतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी जेमतेम दीड एकरात, 1983 साली वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून एचएमटी भात तयार केला. चिकाटी त्यांचीच, पण पीक भाताचं होतं म्हणून एकट्याला ते साधलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या देशी बियाण्यांच्या संग्रहातले वाल-घेवडेही बहुतांशी स्वपरागीच.

बाजरीचं गणित निराळं. तिच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, त्याच कणसाचे परागकोश दोन-तीन दिवसांनी. तोवर वाऱ्यावर येईल तो पराग. दहा गुंठ्यांच्या चौरस तुकड्याभोवती 200 मीटरचा पट्टा आखला, तर तो सुमारे 15 हेक्टर भरतो. त्याला सरासरी वहिती क्षेत्राने भागलं की अकरा शेतकरी! एका घरचं बी शुद्ध राहायला अकरा घरांनी त्या हंगामात दुसरी बाजरी पेरायची नाही. भारतात एचबी-1 ही पहिली संकरित बाजरी 1965 साली आली. तेव्हापासून वाऱ्यावर येणारा पराग बहुधा संकरित पिकाचाच असणार, हेही धरून चाला.

घरच्या बियाण्याला मानकांची एवढी काटेकोर सक्ती नाही, हे खरं. तुकड्याच्या कडेची कणसं खायला ठेवून मधली बियाण्याला राखली, तरी भेसळ कमी होते. शेजाऱ्यांच्या खरिपाशी फुलोरा जुळू नये म्हणून उन्हाळी बाजरी घ्यायचाही मार्ग आहे, पण तो विहिरीला पाणी असणाऱ्यांचा. शिवाय कोरडवाहू वाण वर्षानुवर्षं पाण्यावर घेतला, तर पाण्यावर चांगलं येणारंच बी पुढे जाणार. मग जपलं काय?

मक्यात अंतराबरोबर संख्याही लागते. चार-सहा भरदार कणसंच बियाण्याला ठेवत गेलं की काही पिढ्यांत वाण खुरटतो. निदान शंभर कणसांचे दाणे मिसळावेत. तूर मधल्या गटातली. तिचं परपरागण मधमाश्यांवर असल्याने गावोगाव बदलतं, आणि मानकांतलं अंतर 100 मीटर. नवापूरच्या तूरडाळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नाव राखलं जातं. बी राखायला शेजारची तूर कोणती, हे पाहावंच लागतं.

2001च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क दिला. वाण जपणाऱ्या समुदायासाठी 10 लाख रुपयांचा पुरस्कारही आहे. माझ्या मते बाजरी-मक्यासाठी एकेकट्या शेतकऱ्याचा सत्कार करण्यापेक्षा हाच रस्ता बरोबर आहे, फक्त मदत पेरणीआधी आणि त्या अकरा जणांपर्यंत पोचायला हवी. तुमच्या घरात आजीच्या वेळची बाजरी असेल, तर मृगाआधी चारही बांधांवरच्या शेजाऱ्यांना यंदा ते काय पेरणार आहेत, एवढं विचारून घ्या.