'पच्चवेक्खति' : कर्माकडे पाहण्याचे क्रियापद

खोल विचारासाठी पालि भाषेत अनेक क्रियापदे आहेत. त्यांपैकी 'पच्चवेक्खति' हे उपासकांनी विशेष ध्यानी घ्यावे, असे आम्हांस वाटते. पति, अव आणि इक्ख अशी त्याची फोड होते. संस्कृतात ते 'प्रत्यवेक्षते' असे येते. 'इक्ख' म्हणजे पाहणे. 'चिंतन करतो' असे भाषांतर केल्यास हा पाहण्याचा अर्थ निसटतो.

मज्झिमनिकायातील ६१ व्या सुत्तात, अम्बलट्ठिक-राहुलोवादात, तो स्पष्ट होतो. आरसा कशासाठी असतो, असे भगवान बुद्ध राहुलास विचारतात. पाहण्यासाठी, असे राहुल उत्तरतो. त्याचप्रमाणे काया, वाचा व मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पारखावे, असा उपदेश भगवंत करतात. त्याने स्वतःस, दुसऱ्यास किंवा उभयतांस पीडा होते काय, हा निकष. वाचेने अकुशल घडले असल्यास ते शास्त्यापुढे वा सुज्ञ सहचाऱ्यापुढे उघड करून पुढे संयम पाळावा. म्हणजे हा विचार डोळे मिटून बसण्यापुरता नाही.

सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणी व उपासक-उपासिकांनी ऐकावयाच्या धम्मवचनांत असत्यभाषणाविषयीचा राहुलोवाद नमूद केला आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपूर येथे दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. विहारात आपण पंचशील म्हणतो. घरी परतल्यावर आपल्या दिवसभराच्या वाणीकडे पाहतो काय? वंदनेनंतर क्षणभर हा आरसा समोर धरावा, एवढीच आमची विनंती.