भिंतीपलीकडचा फुटबॉल

शेगाव-मलकापूरकडून रेल्वेने नागपूर काही तासांवर, पण 'झुंड'मधलं नागपूर प्रवाशाला सहसा दिसत नाही. नागराज मंजुळेंचा हा चित्रपट 2022चा. विजय बारसे यांच्या 'स्लम सॉकर' या वस्तीतल्या मुलांच्या फुटबॉल उपक्रमावर बेतलेला, त्यात नायकापेक्षा एक भिंत मोठी: इकडे झोपडपट्टी, तिकडे कॉलेजचं मैदान.

अशीच वस्ती रिओ दि जानेरोच्या 'सिटी ऑफ गॉड'मध्ये (2002) भेटते. दोन्हीकडे बरेचसे चेहरे वस्तीतलेच. 'झुंड'मध्ये डॉनचं काम करणारा अंकुश गेडाम नागपूरचाच. पण ब्राझीलमध्ये सत्ता बंदूकवाल्या पोरांच्या हाती जाते आणि नायक रॉकेट कॅमेऱ्याच्या आधाराने सुटतो. पॅरिसच्या उपनगरातल्या 'ला एन'मध्ये (1995) तर तीन मित्र, पोलिसाची हरवलेली पिस्तूल आणि एक दिवस, बस्स! कृष्णधवल पडद्यावर पोलीस हीच सत्ता.

'झुंड'मध्ये सत्ता कागदांतून बोलते. परदेशी सामन्याला जायचं तर पासपोर्ट हवा, त्यासाठी ओळखीचे पुरावे. ते जमवताना माणसं रडकुंडीला येतात. खरं तर फुटबॉलपेक्षा ही धावपळच जास्त थरारक. मध्येच आंबेडकर जयंतीचा डीजे दणाणतो आणि पडद्यावर बाबासाहेबांची तसबीर येते, शेजारी नायक अमिताभ बच्चन. हिंदी व्यावसायिक सिनेमात हे दृश्य दुर्मीळच.