दोन महायुद्धं पाहिलेला निजामाचा सेनापती पाच दिवसांत शरण का आला?

17 सप्टेंबर आला की मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या पोस्टींसोबत एक कृष्णधवल फोटो फिरू लागतो. गणवेशातले दोन लष्करी अधिकारी समोरासमोर उभे आहेत. एक भारतीय लष्कराचे मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी. दुसरे निजामाचे सेनापती, मेजर जनरल सय्यद अहमद एल एद्रूस. भोकर, नांदेड, लातूर हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तरी इथे एद्रूस हे नाव फारसं कुणाला माहीत नसतं.

एद्रूस नवखे नव्हते. येमेनच्या हद्रमौत भागातून आलेल्या अरब सय्यद घराण्याचा हा वारस हैदराबादच्या लान्सर्समध्ये, म्हणजे भालाईत घोडदळात होता. पहिल्या महायुद्धात हे घोडदळ पॅलेस्टाईनच्या आघाडीवर गेलं. जोधपूर आणि म्हैसूरचं घोडदळही त्याच ब्रिगेडमध्ये होतं. 23 सप्टेंबर 1918 ला हैफा जिंकलं ते याच ब्रिगेडने. प्रत्यक्ष चढाई जोधपूर-म्हैसूरची, पण दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातला एक पुतळा हैदराबादचा आहे.

दुसऱ्या महायुद्धातही एद्रूस सेवेत होते. त्या युद्धात हैदराबादची एक पलटण मलायात कोटा भारूचा विमानतळ राखत होती. डिसेंबर 1941 मध्ये जपानी फौज उतरली आणि पलटणीची दाणादाण उडाली.

मग 1948 मध्ये त्यांच्याकडे होतं काय? कागदावर वीसेक हजारांची फौज, पण नीट प्रशिक्षित जवान थोडेच. लढाऊ विमानं नाहीत. भारताने नाकेबंदी केलेली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरून शस्त्रं आणत होता, पण त्यावर युद्ध थोडंच जिंकता येतं! गावोगावी दहशत माजवणारे रझाकार होते, पण त्यांचा म्होरक्या लातुरात वकिली केलेला कासिम रझवी. दुसऱ्या बाजूला भोकरशेजारच्या उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी 30 जानेवारी 1948 ला निजामाची बँकच लुटली होती.

13 सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली. त्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं, दुसऱ्या दिवशी औरंगाबाद, 17 तारखेला बीदर. त्या संध्याकाळी निजामाने रेडिओवरून माघार जाहीर केली. एद्रूस यांनी चौधुरींसमोर शरणागती दिली ती 18 तारखेला. म्हणजे फोटो मुक्तिदिनाचा नाही, दुसऱ्या दिवसाचा!

निजामाचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी पुढे आठवणींत पराभवाचं खापर एद्रूस यांच्यावर फोडलं. पण रणगाड्यांसमोर जुन्या बंदुका घेऊन आणखी आठवडाभर लढून काय साधलं असतं, याचं उत्तर त्या दोषारोपात मिळत नाही. जास्त लढले असते तर जास्त जवान मेले असते, इतकंच.

अर्थात फौज लवकर थांबली म्हणून रक्तपात थांबला नाही. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने पोलीस कारवाईदरम्यान आणि नंतर किमान 27 हजार ते 40 हजार लोक मारले गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्यासोबत नांदेड होता. मारले गेलेले बहुतेक सामान्य मुसलमान होते. हा अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला.

चौधुरी हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले आणि 1962 मध्ये लष्करप्रमुख. त्याच वर्षी एद्रूस यांचं बंगळुरूत निधन झालं. त्यांचं आत्मचरित्र छापून आलं ते नव्वदच्या दशकात.