परदेशी जाणारा बांधकाम कारागीर आणि त्याचे परवाने

इंद्रायणीकाठचे चिखली हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असलेली चिखली ती निराळी, जरी त्या भागातून पोटासाठी आलेला गवंडी या चिखलीत भेटला तर त्यात नवल नाही. सेक्टर १७ व १९ मधील घरकुलाच्या इमारती आणि त्यांच्या भोवती मोशी-तळवड्यापर्यंत पसरलेली बांधकामे यांमुळे गवंडी, सेंट्रिंगचे सुतार, सळई बांधणारे आणि फरशी बसविणारे कारागीर या परिसरात मोठ्या संख्येने राहतात. यांपैकी बहुतेकांनी आपले काम वडिलांच्या किंवा मुकादमाच्या हाताखाली शिकून घेतले. ओळंबा आणि थापी हीच त्यांची पाठशाळा. त्यांच्याजवळ प्रमाणपत्र नाही आणि आजवर कोणी ते मागितलेही नाही, कारण ठेकेदार पहिल्या दिवसाचा गिलावा पाहूनच मजुरी ठरवितो.

सप्टेंबर २०२४ मध्ये या कारागिरांपासून फार दूर नसलेल्या औंध येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इस्राएलमधील बांधकामासाठी निवड चाचण्या झाल्या. भारत व इस्राएल यांच्या शासनांत नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेल्या करारानुसार राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत ही भरती झाली. लाकडी साच्याचे काम, सळई वळविणे, गिलावा आणि सिरॅमिक फरशी बसविणे, एवढ्या चारच कामांसाठी ती होती. त्याआधीच्या फेरीत देशभरातून १६,८३२ जण चाचणीस बसले व १०,३४९ निवडले गेले. दरमहा सुमारे १ लाख ९२ हजार रुपये हे वेतन ऐकून पुष्कळांचे लक्ष तिकडे लागले यात आश्चर्य नाही. मात्र पहिल्या फेरीतून गेलेल्या काही कामगारांचे कसब प्रत्यक्ष कामावर अपुरे ठरल्याने त्यांना अन्य कामांकडे वळविण्यात आल्याचे त्याच सुमारास वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. चाचणी उत्तीर्ण होणे आणि त्या देशाच्या पद्धतीने काम करता येणे यांत किती अंतर असू शकते, हे यावरून ध्यानी यावे.

परवाना कशाचा?

गावपातळीवर या विषयात सर्वांत मोठा घोटाळा होतो तो शब्दांचा. पासपोर्ट, व्हिसा, परदेशगमनाची अनुमती, कौशल्याचा दाखला आणि व्यवसाय परवाना या पाच गोष्टी वेगळ्या असून त्या देणारे अधिकारीही वेगळे आहेत. ‘कागद झाले’ असे कोणी सांगितले तर त्यांपैकी नेमके कोणते झाले, हे विचारणे अगत्याचे असते. व्हिसा मिळालेला वीजतंत्री परदेशात उतरला, पण तेथील व्यवसाय परवाना नसल्याने त्याला तारेस हात लावता येत नाही आणि मदतनीसाच्या वेतनावर राबावे लागते, अशी स्थिती उद्भवू शकते. कर्ज काढून गेलेल्या कुटुंबाचा हिशेब तेथेच चुकतो.

परदेशगमनाची अनुमती हा भारतीय कायद्याचा विषय आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार, दहावी उत्तीर्ण नसलेल्या आणि पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद असलेल्या कामगारास आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची अनुमती घ्यावी लागते. मुंबईत हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. या तपासणीत नोकरीचा करार पाहिला जातो. दहावी उत्तीर्ण कामगारास ही अनुमती लागत नाही, पण म्हणूनच त्याचा करारही कोणी तपासत नाही. तो त्याने स्वतः वाचला पाहिजे, किंवा वाचून घेतला पाहिजे.

भरती करणाऱ्या एजंटाचा परवाना हाही याच कायद्याखालचा. नोंदणीकृत एजंटाचे नाव ‘ई-मायग्रेट’ या शासकीय संकेतस्थळावर सापडते. त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये व त्यावरील कर यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि घेतलेल्या रकमेची पावती द्यावी लागते. गावात येऊन लाखाची मागणी करणारा आणि पावतीचे नाव निघताच विषय बदलणारा मनुष्य कोण असावा, हे पंचायत सदस्यांस वेगळे सांगावयास नको.

देश तशी रीत

कसब सिद्ध करण्याची पद्धत प्रत्येक देशात भिन्न आहे. सौदी अरेबियाने प्लंबर, वीजतंत्री, वेल्डर अशा व्यवसायांपासून प्रारंभ करून व्हिसापूर्वीची कौशल्य चाचणी आवश्यक केली. तीत कारागिराने काय शिकले यापेक्षा त्याला काय करता येते हे पाहिले जाते. आपल्याकडील हाताने शिकलेल्या कामगारास ही रीत त्यातल्या त्यात जवळची.

जर्मनीची गोष्ट नेमकी उलट. महाराष्ट्र शासनाने तेथील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी फेब्रुवारी २०२४ मध्ये करार केला आणि दहा हजार कुशल मनुष्यबळ पुरविण्याचे उद्दिष्ट पुढे आले. जर्मनीत गवंड्याचे शिक्षण तीन वर्षांचे असते आणि त्यातील बराच काळ प्रत्यक्ष कामावर जातो. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील गवंडी अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. परदेशी अर्हता जर्मन अर्हतेशी ताडून पाहण्याचा कायदा तेथे २०१२ पासून लागू आहे. हस्तव्यवसायांसाठी ते काम तेथील हस्तव्यवसाय मंडळे करतात. अभ्यासक्रमातील उणीव कामाच्या अनुभवाने काही अंशी भरून निघते, मात्र अनुभवाचे लेखी दाखले लागतात. ज्याच्याजवळ मूळ औपचारिक अर्हताच नाही, त्याच्या बाबतीत ताडून पाहण्यास काही उरत नाही. वीस वर्षे भिंती उभारलेला चिखलीचा गवंडी या दारातून आत जात नाही आणि संस्थेतून नुकताच बाहेर पडलेला तरुण जाऊ शकतो. हे न्याय्य आहे की नाही हा प्रश्न वेगळा, पण वस्तुस्थिती तशी आहे. शिवाय तेथे नोकरी करणे वेगळे आणि स्वतःचा व्यवसाय थाटणे वेगळे. गवंडीकामासारख्या व्यवसायांत स्वतंत्र धंद्यासाठी सर्वसाधारणपणे ‘माइस्टर’ ही वरची पात्रता लागते. फरशी बसविण्याच्या कामासाठी ही अट २००४ मध्ये काढली होती, ती २०२० मध्ये पुन्हा घातली गेली.

न्यूझीलंडमध्ये २००४ च्या इमारत कायद्याखाली बांधकाम कारागिरांना परवाने दिले जातात. घराची भक्कमपणा व जलरोधकता ज्या कामांवर अवलंबून असते, ती कामे मार्च २०१२ पासून परवानाधारकानेच करावी किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावी असा नियम आहे. वीटकाम, सुतारकाम, पाया, छप्पर असे त्याचे वर्ग आहेत. येथे पदविकेवाचूनही, केलेल्या कामाचे पुरावे व माहितगारांची साक्ष यांच्या आधारे परवाना मिळू शकतो. ऑस्ट्रेलियात वीजतंत्र्याची कौशल्यपरीक्षा भारतातच होऊ शकते, परंतु तेथे गेल्यावर तात्पुरता परवाना घेऊन देखरेखीखाली काम आणि पूरक प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच पूर्ण परवाना मिळतो. वीजतंत्र्याला तारतंत्री किंवा पर्यवेक्षक म्हणून आपल्या राज्यातही परवाना लागतो, त्यामुळे त्याला ही कल्पना नवी नाही. गवंड्याला मात्र ती सर्वस्वी नवी आहे.

येथे काय करता येईल

अनुभवाचा लेखी पुरावा हा सर्व देशांना समान लागणारा भाग होय, आणि तो निघण्याच्या महिन्यात तयार होत नाही. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडील नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नियोक्त्याप्रमाणेच ग्रामीण भागात ग्रामसेवकही तो देऊ शकतो. हा दाखला कौशल्याचे प्रमाण नव्हे. तरीही वर्षानुवर्षे नूतनीकरण केलेली नोंदणी कामगार बांधकामावर होता एवढे तरी सांगते, आणि तीत ‘मजूर’ऐवजी ‘गवंडी’ किंवा ‘फरशी कारागीर’ असे नेमके काम लिहिले असेल तर तिचा उपयोग वाढतो. दाखला देणाऱ्याने एवढी दक्षता जरूर घ्यावी. पूर्वीच्या शिक्षणाची मान्यता देणाऱ्या कौशल्य योजनेखाली चाचणी देऊन प्रमाणपत्र घेता येते. जर्मनीसारख्या ठिकाणी ते संस्थेच्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवावे.

शाळेच्या दाखल्यावरील नाव, आधारवरील नाव आणि पासपोर्टवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी पुढे अडचण येते. वडिलांचे नाव एका कागदावर ‘बाबूराव’ आणि दुसऱ्यावर ‘बाबुराव’ असल्यास इंग्रजी अक्षरे बदलतात. ही दुरुस्ती गावातच, वेळीच करून घेणे सोपे.

शिक्षकांचा संबंध दहावीशी येतो. आठवी-नववीत शाळा सोडून बांधकामावर गेलेल्या तरुणाला अर्ज क्रमांक १७ भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते. उत्तीर्ण झाल्यावर पासपोर्ट नव्याने काढून त्यावरील ईसीआर नोंद वगळून घ्यावी लागते, ती आपोआप जात नाही. अर्ज भरण्याच्या तारखा दरवर्षी राज्य मंडळ जाहीर करते आणि त्या बांधकामाच्या ऐन हंगामाआधी येऊन जातात, त्यामुळे शाळेने त्या मुकादमापर्यंत पोहोचविणे आवश्यक ठरते.