एरंडोलची गाडी आणि अॅरेतला नंबर

डीबीएमएसच्या लॅबमध्ये सगळे शिकतात की टेबलमधून ‘काय आहे’ ते कसे शोधायचे. पण ‘कितव्या नंबरवर आहे’ हे शोधायची वेळ आली की बरेच जण गडबडतात. कॉन्व्हेंटमधली मंडळी याला ‘पोझिशन’ म्हणतात, आपण ‘क्रमांक’ म्हणू. गंमत म्हणजे हा विषय समजून घ्यायला आपला एसटी स्टँड पुरेसा आहे.

आमच्या मिनी प्रोजेक्टचा विषय होता हॉस्टेलवाल्यांसाठी गाड्यांची माहिती. जळगाव–धुळे हा रस्ता पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 6, आताचा 53. त्यावरच्या एका गाडीचे थांबे एका अॅरेत असे लिहिले समजा : जळगाव, पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे. परतीची गाडी बरोबर उलटी : धुळे, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव.

आता मला एरंडोलहून धुळ्याला जायचे आहे. ‘ज्या यादीत एरंडोल आणि धुळे दोन्ही आहेत त्या गाड्या दाखव’ असे विचारले, तर दोन्ही गाड्या येतात. निम्मी उत्तरे चूक! संध्याकाळी बॅग घेऊन निघालेला पोरगा धुळ्याऐवजी जळगावला पोहोचायचा. म्हणून नुसते ‘आहे का’ विचारून भागत नाही, ‘कितवे’ ते विचारावे लागते.

पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी अॅरे_पोझिशन नावाचे फंक्शन आहे. ते 2016 साली आलेल्या 9.5 आवृत्तीपासून मिळते. त्याला अॅरे द्या, किंमत द्या, ते क्रमांक सांगते. सी लँग्वेजमध्ये मोजणी 0 पासून होते, इथे मात्र नेहमीच्या अॅरेत 1 पासून. वरच्या दोन्ही याद्यांत एरंडोल तिसरेच येते, म्हणजे एकट्या क्रमांकाला अर्थ नाही. तुलना करायची : चढायच्या गावाचा क्रमांक उतरायच्या गावापेक्षा लहान हवा. पहिल्या गाडीत 3 हा 5 पेक्षा लहान, गाडी चालेल. दुसरीत 3 हा 1 पेक्षा लहान नाही, गाडी बाद.

आता खरी मेख. जळगाव–धुळे विनाथांबा गाडी घ्या. यादीत दोनच नावे, एरंडोल नाहीच. पोस्टग्रेस अशा वेळी ‘नल’ देते. नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर हो किंवा नाही येत नाही, आणि ती ओळ आपोआप गळते. छान. मायएसक्यूएलमध्ये अॅरे हा प्रकारच नाही. तिथे लोक स्वल्पविरामाने जोडलेली नावे ठेवतात आणि फाइंड_इन_सेट वापरतात. नाव सापडले नाही तर ते 0 देते. धुळ्याचा क्रमांक 2, आणि 0 हा 2 पेक्षा लहान! म्हणजे जी गाडी एरंडोलला थांबतच नाही, ती आपल्याला स्क्रीनवर दिसणार. आपण स्टँडवर उभे, आणि गाडी समोरून भुर्रर्र. तिथे ‘क्रमांक 0 पेक्षा मोठा’ ही अट लावायलाच हवी. उलट पोस्टग्रेसमध्ये न थांबणाऱ्या गाड्या हव्या असतील तर ‘क्रमांक बरोबर 0’ लिहून काहीच मिळणार नाही, ‘इज नल’ लिहावे लागते. आणखी एक : फाइंड_इन_सेटला स्वल्पविरामानंतरची मोकळी जागासुद्धा खपत नाही. ‘जळगाव, पाळधी’ असे लिहिले की पाळधी हरवली.

दुसरी मेख, एकच नाव दोनदा. समजा एक गाडी एरंडोल, कासोदा, एरंडोल अशी फेरी मारते. कासोद्याहून एरंडोलला यायचे तर कासोदा 2 आणि एरंडोल 1, कारण फंक्शन पहिलाच क्रमांक देते. गाडी असूनही उत्तर येते ‘गाडी नाही’. यावर उपाय म्हणजे फंक्शनला तिसरी गोष्ट सांगायची, शोध कुठून सुरू करायचा ते. कासोद्याच्या क्रमांकापासून पुढे शोधा, एरंडोल 3 वर सापडेल. मात्र ही सुरुवातच नल असली तर पोस्टग्रेस एरर देते, म्हणून आधी केस लावून कासोदा यादीत आहे का ते बघा. सगळे क्रमांक एकदम हवे असतील तर अॅरे_पोझिशन्स आहेच.

तिसरी गोष्ट वेगाची. क्रमांक शोधताना एकेक घटक तपासला जातो, तिथे इंडेक्सचा उपयोग होत नाही. ‘यादीत आहे का’ या प्रश्नाला मात्र जिन इंडेक्स चालतो. म्हणून आधी त्याने गाड्या गाळा, मग उरलेल्यांचेच क्रमांक काढा.

सर विचारतील, ‘अॅरे कशाला? कॉडने 1970 मध्येच सांगितले ना, एका खान्यात एकच किंमत!’ बरोबर आहे. गाडी नंबर, थांबा नंबर, थांब्याचे नाव असे वेगळे टेबल केले तर क्रमांक शोधावाच लागत नाही, तो लिहिलेलाच असतो. प्रत्येक थांब्याची वेळही ठेवायची असेल तर हेच टेबल बरे. यादी छोटी असेल, क्वचित बदलत असेल, तर अॅरे सुटसुटीत.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला क्वेरी चालली म्हणून लगेच फाइल सबमिट करू नका. एक उलटी गाडी, एक विनाथांबा गाडी आणि एक फेरीची गाडी टेबलमध्ये घाला आणि परत चालवून बघा. तिन्ही बरोबर आल्या तर खुशाल घरी फोन करून सांगा, ‘आई, मी निघालो!’