फोटोतली अक्षरं अंध व्यक्ती कशी वाचतात? स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर निवडताना या गोष्टी नक्की तपासा

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस येते. लेटरहेडवर टाईप केलेली, सही-शिक्का मारलेली आणि मग मोबाईलने फोटो काढून टाकलेली. तुम्ही एक नजर टाकता, उद्या पाणी नाही हे कळतं आणि तुम्ही पुढे सरकता. त्याच ग्रुपमधल्या अंध सभासदाला मात्र फोन एवढंच सांगतो की, फोटो आलाय.

कम्प्युटरवरही हेच होतं. अंध व्यक्ती स्क्रीन रीडर वापरतात. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं हे सॉफ्टवेअर असतं. पण स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफमध्ये मजकूर नसतोच, असतो तो पानाचा फोटो. मग बँकेचं पत्र, मेडिकल रिपोर्ट, घराचा करारनामा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. आपल्या खात्यात किती पैसे आहेत, हे आपल्याआधी शेजाऱ्याला कळतं.

यावर उपाय आहे ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणारं तंत्रज्ञान. अमेरिकेत रे कर्झवाईल यांनी १९७६ साली अंधांसाठी छापील पान वाचून दाखवणारं यंत्र आणलं. गायक स्टीव्ही वंडर हे त्याच्या पहिल्या ग्राहकांपैकी एक. तेव्हा यासाठी भलंमोठं यंत्र लागायचं, आता साधा लॅपटॉप पुरतो. पण पर्याय इतके झालेत की निवडायचं काय, हाच प्रश्न पडतो.

आधी घरात काय आहे ते बघा

पैसे खर्च करण्याआधी हे तपासा. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आहे. विंडोज १० किंवा ११ वर त्यात एनव्हीडीए की आणि आर दाबलं की समोरच्या चित्रातला मजकूर ओळखला जातो आणि बाणांच्या बटणांनी ओळ-ओळ ऐकता येतो. जॉज या विकतच्या स्क्रीन रीडरमध्येही इन्सर्ट आणि स्पेस, मग ओ, अशी सोय आहे. मोबाईलवर मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय आणि गुगलचं लुकआऊट ही मोफत ॲप्स आहेत.

एखादं पत्र, बिल किंवा औषधाचं खोकं वाचायला एवढं बऱ्याचदा पुरतं. पण एनव्हीडीएची सोय फक्त पडद्यावर दिसणाऱ्या भागापुरती चालते. दोनशे पानांचं पुस्तक असं वाचायचं म्हटलं तर जीव मेटाकुटीला येईल. त्यासाठी सगळी पानं एकदम घेऊन एकच फाईल बनवणारं सॉफ्टवेअर हवं. कर्झवाईल १००० आणि ओपनबुक ही खास अंधांसाठी बनवलेली, तर ॲबी फाइनरीडर हे सगळ्यांसाठीचं. थोडक्यात, रोज काय वाचायचंय ते आधी ठरवा आणि मगच सॉफ्टवेअर बघा.

मराठीचं काय?

इथे बरेच जण फसतात. जाहिरातीत शंभरेक भाषांचा आकडा असतो, पण त्यात मराठी आहे का, हे कोणी विचारत नाही. इंग्रजी उत्तम वाचणारं महागडं सॉफ्टवेअर देवनागरीसमोर गप्प बसू शकतं. त्यातच आपली अक्षरं शिरोरेषेने जोडलेली, वर-खाली मात्रा आणि मध्ये जोडाक्षरं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत गल्लत व्हायला एक पुसट रेघ पुरते.

मराठीसाठी दोन मोफत पर्याय आहेत. पहिला गुगल ड्राइव्ह. स्कॅन केलेली फाईल तिथे चढवून गुगल डॉक्समध्ये उघडली की खाली मजकूर मिळतो. दुसरा टेसरॅक्ट. १९८०च्या दशकात एचपी कंपनीत सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यात मराठीची वेगळी भाषा-फाईल मिळते आणि ते इंटरनेटशिवाय चालतं. अडचण एवढीच की ते मुळात कमांड टाईप करून वापरायचं आहे. सवय नसेल तर कोणाची तरी मदत घेऊन एकदा बसवून घ्यावं लागतं.

आणखी एक मराठी दुखणं म्हणजे जुने फॉन्ट. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेली पीडीएफ डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, पण स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी वाचतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे खिचडी उमटली, तर त्या फाईलवरही ओसीआर करावं लागणार.

खरी कसोटी कोणती?

बहुतेक लोक अचूकतेचा आकडा बघतात. ९९ टक्के ऐकायला छान वाटतं. पण पानावर २,००० अक्षरं असतील, तर ९९ टक्क्यांचा अर्थ २० चुका. डोळस माणसाला त्या विचित्र दिसतात आणि तो मूळ कागद बघतो. अंध माणसाला ती सोय नाही. स्क्रीन रीडर चुकीचा शब्दही तितक्याच ठाम आवाजात वाचतो.

शब्द चुकला तर संदर्भाने कळतं, आकडा चुकला तर कळत नाही. डिस्चार्ज कार्डावरच्या २.५ मिलीग्रॅममधला टिंब गळला की ऐकू येतं २५. म्हणून औषधाचा डोस, रक्कम, खाते क्रमांक आणि तारीख दुसऱ्या ॲपने किंवा पुन्हा स्कॅन करून पडताळाच. दोन्हीकडे वेगळं आलं, तर दवाखान्यात किंवा बँकेत फोन करून विचारा.

म्हणून विकत घेण्याआधी चाचणीची मोफत आवृत्ती मागा आणि या गोष्टी तपासा:

- माऊस बाजूला ठेवा, मॉनिटर बंद करा. स्कॅन करण्यापासून फाईल सेव्ह करण्यापर्यंत सगळं काम फक्त कीबोर्ड आणि आवाजावर होतं का? एक जरी बटण स्क्रीन रीडर नुसतं 'बटण' म्हणून वाचत असेल, तर तिथे अडकायला होणार.
- पान उलटं ठेवलं तर सॉफ्टवेअर ते स्वतः सरळ करतं का? कागद उलटा आहे हे हाताला कळत नाही.
- वर्तमानपत्राचे कॉलम आणि तक्ते नीट क्रमाने येतात का? दोन कॉलमच्या ओळी एकमेकींत मिसळल्या की बातमीचा पत्ताच लागत नाही.
- मजकूर वर्ड किंवा साध्या फाईलमध्ये सेव्ह करता येतो का?
- कागद इंटरनेटवर पाठवला जातो की कम्प्युटरवरच राहतो? आधार कार्ड आणि बँकेच्या कागदांसाठी ऑफलाइन पर्याय बरा.

चाचणीला कंपनीचं गुळगुळीत नमुना पान वापरू नका. स्वतःचे कागद घ्या, म्हणजे मराठी पुस्तकाचं पान, विजेचं बिल, फिकट झेरॉक्स. स्कॅनर ३०० डीपीआयवर ठेवा. त्याहून कमी ठेवलं तर अक्षरं तुटतात.

पुस्तक स्कॅन करणं गुन्हा आहे का?

नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. साध्या छापील स्वरूपात पुस्तक वाचता येत नसेल, तर दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी त्याची वाचता येईल अशी प्रत बनवायला परवानगी आहे. अशा पुस्तकांबद्दलचा मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि त्याला मंजुरी देणारा भारत हा पहिला देश ठरला. त्यामुळे तासन्‌तास स्कॅन करण्याआधी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात पुस्तक आधीच आहे का, ते बघा.

आणि तुमच्या सोसायटीची नोटीस तुम्हीच टाकत असाल, तर फोटोखाली त्यातला मजकूर टाईप करून टाका. दोन मिनिटं लागतील. मग त्या नोटिसीपुरतं तरी कोणाला सॉफ्टवेअर शोधत बसावं लागणार नाही.