क्लच प्लेटवर खापर फोडण्याआधी

कन्नडचा औट्रम घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी वेग घेत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. पेडलला मोकळी चाल असेल, तर प्लेट झिजल्याचा संशय रास्त. मात्र क्रांती चौकाच्या सिग्नलला पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नसेल, तर आधी केबल सैल झालीय का ते पाहा. हायड्रॉलिक क्लच असेल आणि पेडल मऊ लागत असेल, तर तेलाची गळती तपासा. दोष इथे असेल, तर नवी प्लेट टाकूनही गिअर अडणारच.

"मेकॅनिक तर पूर्ण सेटच बदला म्हणतात," असं कोणी म्हणेल. प्लेट खरंच संपली असेल, तर त्यांचं बरोबर आहे: प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही तेव्हाच बदललं, की गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी पुन्हा पडत नाही. म्हणून आधी निदान, मग खर्च.